पन्नासपैकी चौदा

३ मार्च

दादा,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी एवढंच कर, अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. तुझा पत्ता मावशीने दिला. तिला बोल लावू नकोस, मी तिच्या दारात दोन तास ठिय्या मारून बसले होते.

बाबा आमच्या हॉस्पिटलमध्ये आहेत. आमच्या म्हणजे मी जिथे काम करते तिथे, हृदयरोगाच्या पुरुष वॉर्डात, खिडकीपासून तिसरी खाट. रस्त्यात छातीत कळ येऊन पडले, लोकांनी आणून टाकलं. हृदय निम्म्यानेच चालतंय म्हणे. पंचवीस वर्षांत तू त्यांना पाहिलं नाहीस. तुला वाटत असेल, आता वाळून काडी झाले असतील. काही नाही. मनगटं अजून तशीच आहेत.

माझं काम काय ते ऐक, हसशील. इथे एक मोठे डॉक्टर संशोधन करताहेत. ज्याची श्रद्धा जास्त, तो रोगी लवकर बरा होतो का, हे त्यांना बघायचंय. मी खाटेखाटेवर जाऊन दहा प्रश्न विचारते. "कुणीतरी आपलं ऐकतंय असं वाटतं का?" "रोज प्रार्थना करता का?" अशा छापाचे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी पुरेपूर. बेरीज करायची, कमीत कमी दहा, जास्तीत जास्त पन्नास. वॉर्डात मला "देववाली बाई" म्हणतात. आपल्या घरातून निघालेली पोर शेवटी ह्या कामाला लागली, आहे की नाही गंमत?

बाबांचा कागद मी अजून भरलेला नाही. त्यांच्या खाटेपाशी आले की पुढे सरकते. ते माझे वडील आहेत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लग्नानंतर आडनाव बदललं त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

पण काल मोठ्या सिस्टरनी त्यांना विचारलं, "आजोबा, महिनाअखेर सोडू तुम्हाला, घरी कोण आहे?" तर म्हणाले, "मुलगी आहे, ती नेईल." कोण मुलगी ते सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

माझ्या घरात माझी लेक आहे, दादा. नऊ वर्षांची. सारखी गोल फिरत असते म्हणून भिंगरी म्हणतो. तिचे वडील जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. शाळेतून आली की मी परतेपर्यंत ती घरी एकटी असते, शेजारीण येता-जाता डोकावते तेवढंच. म्हणजे उद्या बाबा आणि ती, दोघंच.

काय करू ते सांग. तू मोठा आहेस.

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहीत राहते. तुझ्याशी भांडायला तरी कुणीतरी उरू दे.

माझ्या हातून एक घोळ झालाय आणि तो निस्तरेना. भरलेले कागद कुलुपात ठेवायचे अशी ताकीद आहे. कपाटाची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून येतो अकराला, तोही मनात आलं तर. मी आठपासून कागद कवटाळून उभी. म्हणून मी काय केलं, प्रत्येकाचा कागद त्याच्याच खाटेच्या पायथ्याशी, तापाच्या तक्त्यामागे, चिमट्यात अडकवून ठेवायला लागले. अकरा वाजले की गोळा करायचे. तीन आठवडे केलं. काय बिघडणार होतं?

लोकांनी वाचले. दुसरं काय करणार, दिवसभर पडून पडून माणूस औषधाच्या बाटलीवरचंही वाचतो. कोपऱ्यातला पोस्टमास्तर, बेचाळीस गुण, बरा होऊन घरी गेला. त्याच्या शेजारचा गवंडी, एकोणीस, शनिवारी दगावला. झालं! नातेवाईकांनी हिशेब लावून टाकला. चाळिसाच्या वर असेल त्याच्यावरच हॉस्पिटल मेहनत घेतं, खालच्यांना सोडून देतं. ऑपरेशनची यादीही म्हणे त्यावरूनच लागते.

मी घसा फोडून सांगितलं, अहो तसं काही नाही. पण माझ्या हातात कागद, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? काल एक बाई नवऱ्याला पढवत होती, "सगळ्याला पाच म्हणा, कळलं का? तोंड उघडलं की पाच." दुसरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ह्यांचे तेवीस लिहिलेत, त्यांना ऐकू कमी येतं हो, पुन्हा घ्या ना परीक्षा." परीक्षा! मी सरांना, म्हणजे संशोधनवाल्या मोठ्या डॉक्टरांना, सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. घोळ माझाच, नोकरी गेली असती.

बाबा हे सगळं उशाशी टेकून बघत असतात. चेहऱ्यावर मजा. काल मी जवळून जाताना हळूच म्हणाले, "चांगलं चाललंय तुझं."

चिमणीएवढी झाले मी तिथल्या तिथे, एकोणचाळीस वर्षांची घोडी.

तुझी बहीण


१४ मार्च

दादा,

डाव्या भुवईवर पाच टाके पडलेत, त्यामुळे अक्षर तिरकं येईल.

दहा नंबरला एक शिंपी होता. बारीक, नीटस, खाटेवरची चादरसुद्धा शिवणीला शिवण जुळवून घालायचा. मी प्रश्न विचारले तेव्हा प्रत्येकावर डोळे मिटून विचार केला त्याने. "कुणीतरी ऐकतंय असं वाटतं का?" तर म्हणाला, "कधी वाटतं, कधी नाही. तीन लिहा." असं करत करत सव्वीस झाले. इतकं खरं बोलणारा माणूस मी ह्या कामात दुसरा पाहिला नाही.

त्याचा मुलगा ट्रक चालवतो. आडदांड, दोन रात्री झोपला नव्हता, डोळे लालभडक. इतकं होऊनही मी कागद चिमट्यातच लावत होते. बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्याने तो वाचला आणि मला हाताला धरून खाटेपाशी ओढत नेलं. "पुन्हा विचारा. माझ्यासमोर विचारा." मी म्हटलं, असं करता येत नाही. तो बापाला म्हणाला, "बाबा, पाच म्हणा. दहा वेळा पाच, संपलं. यादी उद्या लागणार आहे."

शिंपी म्हणाला, "अरे, कशावरही खोटं बोलेन, ह्याच्यावर नको बोलायला लावू."

"मरायचंय का तुम्हाला?"

"खोटं बोलून जगलो तर ज्याच्या नावाने बोललो त्याला तोंड काय दाखवू?"

मुलाने फाडकन मुस्काटात मारली. बापाच्या. तो बोलत नव्हता, ओरडत होता, "पाच म्हण! म्हण पाच!" आणि रडत होता, दादा, मारत होता आणि रडत होता. म्हाताऱ्याच्या हातातली सलाईनची सुई उपसली गेली, रक्ताची चिळकांडी उडून माझ्या कागदांवर आली. तो "तीन" म्हणाला. पुन्हा थप्पड. "तीन," पुन्हा. ओठ फाटला तरी तीनच.

मी मध्ये पडले. त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड हिसडला, मला मारायला नव्हे, मला वाटतं नुसता बाजूला करायला, पण तो माझ्या कपाळावर बसला. मी खाली. फरशी गार होती एवढं आठवतं. आणि खालून मला बाबा दिसले. उठून बसले होते. आणि त्या पोराला सांगत होते, अगदी शांतपणे, काम शिकवतात तसं, "कानावर मारू नकोस, नंतर लोकांना कळतं. पाठीत मार."

दादा, तुझा डावा कान.

वॉर्डबॉय, मोठ्या सिस्टर, दोन पेशंट, सगळ्यांनी मिळून त्या ट्रकवाल्याला आवरलं. शिंपी काल दुपारी गेला. हृदयच थांबलं, डॉक्टर म्हणतात, माराचा संबंध नाही. मुलगा पोलीस कोठडीत आहे. कागद चिमट्यात मी लावला होता, त्याच्या मुलाने नव्हे, आणि हे मला आयुष्यभर पुरेल.

सरांना मी सगळं कबूल केलं. ते मला बोललेसुद्धा नाहीत. चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "उरलेले नऊ पेशंट पूर्ण करा, मग थांबा." त्या नवांत बाबा आहेत.

तुझी बहीण


२१ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "त्याला घरी आणू नकोस." चार शब्द. पंचवीस वर्षांनी चार शब्द, आणि सहीसुद्धा नाही. तरी मी ते दिवसभर पर्समध्ये घेऊन हिंडले.

परवा बाबांचा कागद भरला. मी स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसले. म्हटलं, नियमाने विचारते, नियमाने उत्तरं द्या.

"कुणीतरी आपलं ऐकतंय असं वाटतं का?"

"एक."

मला वाटलं आकडे उलटे समजलेत. म्हटलं, एक म्हणजे मुळीच नाही.

"कळतं मला. एक."

प्रार्थनेने बळ मिळतं का? एक. संकटात देव आठवतो का? एक. रस्त्यात पडले तेव्हासुद्धा? "तेव्हा तर चपलेचा अंगठा तुटला तो आठवला." आणि हसले. सगळ्याला एक, दादा. फक्त सातव्याला, "घरच्यांनी प्रार्थना करावी असा आग्रह धरता का?" त्याला म्हणाले, "पाच. तो धरलाच."

नऊ एक नि एक पाच. पन्नासपैकी चौदा. गवंड्यापेक्षा कमी. रक्ताळलेल्या तोंडाने तीन-तीन म्हणत मेलेल्या शिंप्याच्या जवळजवळ निम्मे.

रोज सकाळी आपण दोघं गुडघ्यावर, पडद्याची लोखंडी सळई त्यांच्या मांडीवर. शब्द चुकला तर तळपायावर, डोळे उघडले तर पाठीवर. आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. आणि ह्या माणसाला स्वतःला काही वाटतच नव्हतं!

मी विचारलं, "मग आम्हाला का मारलंत?" आवाज फाटला माझा. शेजारच्याने मान वळवली.

ते म्हणाले, "माझी भीती घातली असती तर तुम्ही मोठे झाल्यावर गेली असती. वरच्याची जात नाही. घर ताब्यात ठेवायचं तर सोपं तेच पडतं." पाण्याचा ग्लास मागितला. मी दिला. दिला, दादा. हात आपोआप पुढे झाला.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते, नाहीतर ह्या पत्रांना काही अर्थ नाही. तुला आठवतं, सगळे डोळे मिटायचे आणि मला मात्र उघडे ठेवायला सांगायचे? "दादाचे ओठ हलतायत का बघ आणि मला सांग." मी नऊ वर्षांची असल्यापासून ते काम माझं. बहुतेक वेळा मी "हलले" म्हणायचे. पण सारखं "हलले, हलले" म्हटलं की ते माझ्याकडे बघायला लागायचे. म्हणून अधूनमधून एखादं "नाही" द्यावं लागायचं. म्हणजे माझी पाळी येणार नाही.

त्या शेवटच्या सकाळी तुझे ओठ हलत होते. मी पाहिले होते. तरी "नाही" म्हणाले. मग त्यांनी तुझं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं, आणि कानातून रक्त आलं, आणि तू शर्टाच्या बाहीने कान दाबून घराबाहेर पडलास तो पडलासच. एकोणीस वर्षांचा होतास. जाताना माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं, हो ना? म्हणूनच इतकी वर्षं मलाही पत्र नाही.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही.

त्यांना घरी आणणार नाही. ठरलं. मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं, त्यांनी निराधार वृद्धांच्या एका संस्थेत सोय लावून दिली. २७ तारखेला गाडी येईल, मी फक्त सही करायची. भिंगरी त्यांच्या नजरेलाही पडणार नाही.

तुझी बहीण


२९ मार्च

दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोनांत मी खोटं लिहिलं होतं.

२७ ला शाळा अर्ध्यावर सुटली. शेजारीण गावाला गेलेली. म्हटलं सही करून पाच मिनिटांत निघू, म्हणून भिंगरीला बरोबर नेलं. तिला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं, बजावलं की हलायचं नाही. मी आत कागदपत्रं करतेय तोवर वॉर्डबॉयने बाबांना चाकाच्या खुर्चीतून त्याच बाकापाशी आणून ठेवलं.

मी बाहेर आले तर त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. गोड आवाजात विचारत होते, "प्रार्थना येते का गं?" ती म्हणाली, "नाही, आजोबा." हसत म्हणाली, तिला गंमत वाटत होती. ते म्हणाले, "डोळे मीट, मी शिकवतो." आणि त्यांचा दुसरा हात वर गेला.

पुढचं मला नीट आठवत नाही, पण मोठ्या सिस्टरनी अहवालात लिहिलंय, तेवढं खरं धरायचं. माझ्या हातात कागद अडकवायची लाकडी पाटी होती. त्या पाटीने मी त्यांच्या तोंडावर मारलं. सात वेळा. चष्मा फुटला, नाकाचं हाड मोडलं, एक दात फरशीवर पडला. शेवटचे दोन फटके खुर्ची उलटल्यावर, ते खाली पडलेले असताना. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते सिस्टरनी लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तो, बघ एकेरीवर आले, ते, दोन्ही हातांनी तोंड झाकून पडून होते. आणि मला बरं वाटत होतं. हे मी पहिल्या दोन पत्रांत लिहिलं नव्हतं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. कुणी धरलं नसतं तर मी थांबले नसते.

त्यांनी तिला मारलं नव्हतं, दादा. हात नुसता वर गेला होता. चष्मा नीट करायला गेला असेल. डोक्यावरून फिरवायलाही गेला असेल. आता कळायला मार्ग नाही.

त्यांनी तक्रार केली नाही. संस्थेची गाडी त्यांना घेऊन गेली. माझी नोकरी संपतच आली होती, ती त्याच दिवशी गेली, ते बरंच झालं. भिंगरी बाकावर बसून होती. हलली नव्हती. मी सांगितलं होतं ना हलायचं नाही.

तुझी बहीण


५ एप्रिल

दादा,

थोडक्यात लिहिते.

गुरुवारी सकाळी तिची वेणी घालायला बसले. कंगवा घ्यायला हात वर केला तर तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान खाली घातली. मी तिला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही. मी कंगवा खाली ठेवला. म्हटलं, "अगं, वेडाबाई, आईच आहे." ती म्हणाली, "हो, माहितेय." आणि हात काही काढले नाहीत.

तेव्हापासून ती फिरत नाही. घरात भिंतीकडेने चालते. ताट पुढे केलं की सगळं संपवते, आवडत नसलं तरी. "भूक नाही" म्हणायची, तेही बंद. शाळेतल्या बाई म्हणाल्या, किती गुणी झालीय हो अचानक! मला रडू फुटलं त्यांच्यासमोर.

आज सकाळी न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत ती गुडघ्यावर बसली होती, डोळे मिटून, भराभर पुटपुटत. मी कधी शिकवलं नाही, आमच्या घरात देवाचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मी लांबूनच विचारलं, "काय करतेस, बाळा?" ती दचकून उठली. म्हणाली, "काही नाही. आजचा दिवस आईला राग येऊ नये, एवढंच मागत होते."

बाबांना मी दाराबाहेर ठेवलं. पण घरात भीती आलीच, आणि ती मीच आणली.

तू माझ्याशी बोलू नकोस. मला माफ करू नकोस. पण ह्या पोरीला काही महिने तुझ्याकडे ने. तुझ्या घरी मार खाल्लेला माणूस आहे, मारणारा नाही, एवढं मला खात्रीने माहीत आहे. तिचे वडील येईपर्यंत ठेव, मग आम्ही दोघं बसून काय ते ठरवू. तिचे कपडे भरून ठेवलेत. शाळेत सांगितलंय.

शनिवारी ये. मी दार उघडेन आणि बाजूला उभी राहीन. आत येऊन तूच तिला हाक मार. माझ्या हाकेला ती लगेच धावत येते, आणि ते मला बघवत नाही.

तुझी बहीण